दुसऱ्या गाडीचं इंजिन

राजूर घाट लागला की गाडीच्या तापमानाचा काटा चढायला लागायचा, आणि काट्याच्या आधी माझं डोकं. मागच्या सीटवर मोठा भाऊ उशीला टेकून बसलेला. त्याच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा त्याला धामणगाव बढ्याहून वर बुलढाण्याला न्यायचं, डायलिसिसच्या मशीनवर टाकायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. एक पाळी चुकली की पायावर सूज, आणखी एक चुकली की पाणी छातीत. डॉक्टरांनी मला आणि वहिनीला समोर बसवून हे सांगितलं होतं, काही आडपडदा न ठेवता. एस.टी.त आता त्याला बसवत नव्हतं. म्हणजे जे काय होतं ते या गाडीवर होतं, आणि गाडी घाटात उकळत होती.

गाडी आमची घरचीच, जुनी डिझेलची जीप. पावसाळ्यात तिचं इंजिन जाम झालं. मिस्त्री म्हणाला, याच्यात आता जीव नाही, दुसरं बसवू. भंगारात निघालेल्या एका गाडीचं इंजिन मिळालं. कंपनी तीच, मॉडेल पुढचं. थोडं कापून, थोडं जोडून त्यानं ते बसवलं. आवाज असा गोड की मी मिस्त्रीला तिथंच भजी खाऊ घातली. बसस्टँडवरच्या रिकामटेकड्यांना मात्र विषय मिळाला. गाडीले दुसरं इंजिन बसलं, आता भावालेही बसवून टाक, म्हणायचे. मला शुगर, वहिनीला बीपी, आम्हा दोघांचीही किडनी त्याला चालत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तरी म्हणायचे. एकाच्या अंगावर मी चहाचा ग्लास फेकला. लागला नाही त्याला. पण त्यानंतर माझ्यासमोर तो विषय कोणी काढला नाही.

सपाटीवर गाडी एकदम शहाण्यासारखी चालायची. मोताळ्यापर्यंत काटा जागचा हलत नसे. घाटाचा चढ लागला, गिअर उतरवला, की झालं. काटा सरकत सरकत लाल रेघेला टेकायचा आणि बोनेटखालून वाफ निघायची. मग गाडी कडेला घ्या, चाकाला दगड लावा आणि बसा थंड होण्याची वाट पाहत. तिकडे मशीनची वेळ टळून चाललेली. आपला माणूस उशिरा आला की त्याची वेळ कापली जाते, कारण मागचा पेशंट दारात उभाच असतो. कापलेली वेळ भावाच्या अंगात पाणी होऊन राहायची. दुसऱ्या दिवशी त्याच्या पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा.

मिस्त्रीनं करायचं ते सगळं केलं, त्यात खोट काढता येणार नाही. रेडिएटर उतरवून जाळी साफ करून आणली. पट्टा बदलला. पंखा मोठा टाकला. हवा अडकली असेल म्हणून गाडीचं तोंड चढाला लावून पाणी भरलं. हेडचं पॅकिंग गेलं का म्हणून झाकण उघडून इंजिन चालू ठेवलं आणि आम्ही दोघं पाण्यात बुडबुडे शोधत बसलो. बुडबुडा एक नाही. वारा लागावा म्हणून मी पुढची जाळीसुद्धा काढून टाकली. प्रत्येक इलाजानंतर तो म्हणायचा, आता पाहा भाऊ, आता नाही तापत. पण पाहणार कुठं? चढ फक्त घाटात. म्हणजे दर वेळी परीक्षा घाटात आणि दर परीक्षेला भाऊ मागे बसलेला. संताप संताप व्हायचा माझा. गाडीला लाथा मारल्यात मी, खोटं कशाला सांगू.

मागे पाण्याच्या दोन कॅन ठेवलेल्याच असायच्या. भावाला पाणी मोजूनच प्यायचं होतं. वहिनी दिवसाचं पाणी एका लहान तांब्यात काढून द्यायची, औषधाच्या गोळ्याही त्यातच गिळायच्या. आणि मी त्याच्या डोळ्यांसमोर रेडिएटरमध्ये कॅन उपडी करायचो. तो घटघट आवाज. भाऊ दरीकडे तोंड करून बसायचा. एकदा मात्र वळून म्हणाला, ‘‘मजा आहे बे तिची.’’ मी रिकामी कॅन मागे टाकली.

थंडी पडली होती तेव्हाची गोष्ट. अशीच गाडी उकळून उभी. भावाच्या अंगात रक्त कमी, त्याला सदा हिव भरलेलं. मफलर गुंडाळून तो धरत धरत खाली उतरला आणि शेकोटीवर धरावेत तसे हात गाडीच्या तोंडापुढं धरून उभा राहिला. मी त्याला ओरडलो, भाजशील म्हणून. तो खाली वाकला, रेडिएटरवर आधी बोट टेकवलं, मग अख्खा तळवा ठेवला.

‘‘अबे, हे तं थंडगार आहे,’’ तो म्हणाला.

मी हात लावून पाहिला. वरच्या बाजूला कोमट, खाली गार. इंजिन उकळून राहिलं आणि रेडिएटर गार! म्हणजे गरम पाणी तिथपर्यंत जातच नव्हतं. इतके दिवस आम्ही जे धुतलं, पुसलं, बदललं, त्याचा काही संबंधच नव्हता.

त्या संध्याकाळी मी गाडी थेट मिस्त्रीच्या दारात उभी केली आणि विचारलं, पाण्याचा वॉल कुठं आहे? इंजिन गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारा तो थर्मोस्टॅट, आमच्याकडे त्याला नुसता वॉल म्हणतात. मिस्त्री म्हणाला, वॉल तर पहिल्याच दिवशी काढून फेकला. आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे रीतच ती. गाडी हाती आली की वऱ्हाडातला मिस्त्री पहिले वॉल काढतो. एवढ्या उन्हात अडवायचं कायले, पाणी मोकळं फिरू द्या, असा सगळ्यांचा हिशेब. जुन्या इंजिनला ते चालून गेलं.

त्यानं तसलाच नवा वॉल मागवला. चहावाल्याकडून उकळतं पाणी आणून आम्ही तो त्यात टाकला. वरची चकती उघडली आणि त्याच वेळी खालची दुसरी चकती पुढं सरकून बसली. तेव्हा उलगडा झाला. या इंजिनात पाण्याला परत फिरायला एक जवळची वाट ठेवलेली आहे. खालची चकती गरम झाल्यावर ती वाट बंद करते. वॉलच नाही म्हटल्यावर वाट सताड उघडी. पाणी रेडिएटरकडे कशाला जातं मग, इंजिनातल्या इंजिनातच गरगर फिरत होतं. मिस्त्री बराच वेळ त्या भांड्यात पाहत राहिला. मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याच दिवशी त्यानं वॉल बसवून दिला.

पुढच्या पाळीला गाडी घाट चढली. काटा निम्म्यावर आला आणि तिथंच थांबला. माथ्यावर पोचलो तेव्हा मी स्टिअरिंगवर थापा मारून हसलो, चार शिव्याही दिल्या, आनंदाच्या. भाऊ मागे दरीकडे पाहत होता. त्या दिवशी वेळेत पोचलो, मशीनही पूर्ण वेळ मिळालं.

येताना घाट उतरल्यावर त्यानं विचारलं, गाडी पक्की झाली का आता? मी म्हणालो, एकदम पक्की, उन्हाळ्यातही काटा हलणार नाही.

‘‘मंग आयक,’’ तो म्हणाला. ‘‘मी आता येत नाही. आजची शेवटची पाळी.’’

मी गाडी कडेला घेतली.

‘‘गाडी बिघडेल होती तोवर बोललो नाही. तवा बंद केलं असतं तं तू जन्मभर म्हणला असता, गाडीनं माह्या भावाले मारलं. आता गाडी चांगली आहे. आता हे फक्त माहं आहे. थकलो बे मी.’’

मी खूप ओरडलो. वहिनीचं काय, आमचं काय, एवढी मरमर कोणासाठी केली, सगळं बोललो. त्यानं ऐकून घेतलं. माझं बोलणं संपल्यावर म्हणाला, चाल, अंधार पडून राह्यला. वहिनी घरी रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. मी डॉक्टरांशी त्याचं फोनवर बोलणं करून दिलं. त्यांना तो हो हो म्हणाला आणि फोन ठेवून कुशीवर वळला.

पाळीचा दिवस आला तेव्हा मी सकाळीच गाडी दाराला लावली. मागचं दार उघडलं, उशी ठेवली, इंजिन चालू करून बसून राहिलो. वाटलं, आवाज ऐकून येईल. शेजारीपाजारी ओट्यावरून पाहत होते. आत वहिनी त्याच्या पायाशी बसलेली दारातून दिसत होती.

बऱ्याच वेळानं त्याचा आवाज आला.

‘‘गाडी बंद कर बे. डिझेल जळून राह्यलं.’’

मी तरी ती आणखी थोडा वेळ चालूच ठेवली. मग बंद केली.