मेंढीचा कान

कॅमेऱ्याचं चामडी कव्हर उघडलं, की त्या वासासरशी सास्तूरजवळच्या माळावर मेंढरांत बसलेले माझे चुलते आठवतात. तेव्हा मी जुना रेंजफाइंडर कॅमेरा घेतला होता आणि त्याची लेन्स किती बारीक टिपते, हे गावभर पारखत हिंडत होतो. आजारानं खंगलेले चुलते म्हणाले, "म्या मेल्यावर भिताडाला लावायला एक चांगला फोटू काढ बाबा." मी ऐटीत हातभर अंतरावर गेलो. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. खिडकीतून सगळं लख्खच दिसतं. ही लेन्स तीन फुटांच्या आतलं धूसर करते, हे मी साफ विसरलो. "लई जवळ आलास की रं," ते हसले. "आबा, तुम्ही फक्त हलू नका," मी त्यांनाच दटावलं. रोल धुऊन आला तोवर ते गेले होते. फोटोत पाठीशी उभ्या मेंढीच्या कानावरचा केसन् केस दिसत होता, त्यांचा चेहरा मात्र धुक्यात. चुलतीनं फोटो हातात घेतला. "ही त्यांची लाडकी," मेंढीवर बोट ठेवून ती म्हणाली आणि तोच फोटो तिनं भिंतीला लावला. आजही कुणी लेन्स कशी आहे विचारलं, की मी उत्तम म्हणतो. चुलतीच्या घरी जाऊन बघा, एवढं म्हणायचं धाडस मात्र होत नाही.