पुढच्यांनी वाट द्यावी

गोल्फ खेळायला काय लागतं असं मला कुणी विचारलं, तर मी म्हणेन, थांबायची ताकद लागते. आणि नेमकी तीच देवानं मला दिली नाही. मी सोनपेठकडची, शेतात वाढलेली, नदीवरून पाण्याच्या खेपा करणारी. मला हळू चालताच येत नाही. मग कुणाच्या मागं हात बांधून उभं राहणं तर लांबच.

तरी दोन वर्षं दर रविवारी मी तेच केलं. आम्ही तेव्हा पूर्णेच्या रेल्वे वसाहतीत राहत होतो. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती आणि आपला मुलूख आता मुंबई राज्यात जाणार, अशी बोलणी जिकडं तिकडं चालली होती. आमचे हे रुळांवर देखरेख करणारे इन्स्पेक्टर. गावाबाहेर चुडाव्याच्या बाजूला जो माळ आहे, त्यावर जुन्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी कधीतरी नऊ होलांचं, म्हणजे चेंडू घालायच्या नऊ खळग्यांचं, मैदान आखलं होतं. ते गेले, मैदान राहिलं. हिरवळीचं म्हणाल तर नाव नको. होलाभोवती इंजिनाचं जळकं तेल घालून चोपलेली काळी वाळू, आणि बाकी सगळी कुसळं. गवत कापायला माणूस नव्हता. ते काम मेंढ्या करायच्या.

कुणा मडमेनं मागं टाकलेली काठ्यांची पिशवी मैदानावरच्या पत्र्याच्या खोलीत धूळ खात पडली होती. ह्यांच्या वरचे मोठे साहेब एकदा सहज बोलून गेले, की बायकांनीही खेळायला हरकत नाही. साहेब बोलले म्हटल्यावर आमच्या ह्यांनी घरी येऊन मला हुकूमच सोडला. वसाहतीतल्या बाकीच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. तयार झालो दोघीच. मी, आणि रेल्वे दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या बायको. त्यांना सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. अंगानं जाड आणि जिभेनं तिखट. होल हा शब्द त्यांना पसंत नव्हता. त्या सरळ भोक म्हणायच्या आणि मग पुरुषांची तोंडं कशी होतात ते बघायच्या.

मला त्या खेळाचं वेड लागलं. किती ते विचारू नका. नऊवारीचा काष्टा घट्ट मारायचा, पदर खोचायचा आणि काठी फिरवायची. चेंडू वेडावाकडा लागला तर मनगटाला झिणझिण्या यायच्या. नीट लागला तर हाताला काहीच कळायचं नाही, आणि वर बघावं तो चेंडू लांब निघालेला असायचा. तेवढा वेळ मला चूल, भाकरी, सासर, काही काही आठवायचं नाही. लय सुख वाटायचं.

अडचण एकच होती. पुरुष पुढं, आम्ही मागं. पुढं चौघांचा डाव असायचा. मोठे साहेब, आमचे हे आणि हाताखालचे आणखी दोघं. खेळायचे कसे, तर वरात चालल्यासारखे. साहेबांचा चेंडू जिथं पडेल, त्याच्या पुढं आपला चेंडू जाऊ द्यायचा नाही, असं ह्या तिघांनी आपापल्या मनानं ठरवून टाकलं होतं. म्हणून मुद्दाम हळू मारायचे. चेंडू अलीकडं पडायचा. पुन्हा मारायचे, पुन्हा अलीकडंच. चुकून एखादा जोरात गेला तर गुन्हा केल्यासारखं ओशाळं हसायचे. साहेबांचा गुडघा दुखायचा, ते सावकाश चालायचे. त्यांच्या पुढं कसं चालावं, म्हणून हे तिघं त्यांच्याहून सावकाश. होलापाशी पोचलं की वाळूवर उमटलेली पावलं पुसायची एक फळी असायची, ती मी ओढतो, मी ओढतो म्हणून तिघांची चढाओढ. तेवढ्यात आमचे दोन होल झाले असते.

आम्ही दोघी मागं उन्हात उभ्या. चारला सुरुवात केली तरी सहावा होल होईतो दिवस कलायचा. सातवा, आठवा आणि नववा ओढ्याच्या पलीकडं. तिथं जाईस्तोवर पांढरा चेंडूसुद्धा दिसेनासा व्हायचा आणि आम्ही परत फिरायचो. सकाळी यावं म्हटलं तर स्वयंपाक कुणी करायचा? दोन वर्षांत नववा होल मी एकदाही खेळले नव्हते. नुसता लांबून बघितला होता, उंचवट्यावर, बाभळीच्या शेजारी. एकदा तरी तिथवर खेळत जायचं, एवढीच माझी इच्छा होती. काही फार मोठी नव्हती.

पत्र्याच्या खोलीत नियमांचा एक कागद चिकटवलेला होता, इंग्रजीत. डॉक्टरीणबाईंनी तो मला वाचून दाखवला. दुसरा मारत असताना बोलू नये. पुढची माणसं लांब गेल्याशिवाय चेंडू मारू नये. आणि मागचे लवकर खेळत असतील, तर पुढच्यांनी बाजूला होऊन त्यांना वाट द्यावी.

"अगं बाई!" मी म्हटलं. "म्हणजे नियम आपल्याच बाजूनं हाय की!"

त्याच संध्याकाळी मी ह्यांच्या मागं लागले. "अहो, साहेबांना विचारा ना. आम्ही दोघीच तर हावोत. झटकन पुढं निघून जाऊ."

"विचारतो," हे म्हणाले.

पुढच्या रविवारी घरी परतताना मी म्हटलं, "मग, काय म्हणाले साहेब?"

"म्हणाले, बायकांना कसली घाई हाय? येऊ द्या मागून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कसली घाई म्हणे! घरी येऊन कणिक मळायची असते, ती काय साहेब मळणार आहेत? नंतर मी आणखी तीनदा निरोप धाडला. तिन्ही वेळा उत्तर तेच, शब्द तेवढे वेगळे. मोठ्या साहेबांच्या नावानं मी स्वयंपाकघरात काय काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. साहेबांच्या परसातले पेरू यायचे आमच्याकडं, टोपलीभर, गोड. मी एक तोंडाला लावला नाही. आमचे हे बिचारे खाली मान घालून एकटेच खायचे.

मग बदलीचा हुकूम आला. आठ दिवसांत निघायचं होतं, म्हणजे मध्ये एकच रविवार. सामान बांधायला घेतलं, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बायका वसाहत सोडताना शेजारणींच्या गळ्यात पडून रडतात. मला रडू येत होतं ते त्या न खेळलेल्या होलासाठी. हे सांगायचं तरी कुणाला? लोक वेड्यात काढतील.

त्या शेवटच्या रविवारी तिसऱ्या होलापाशी आम्ही नेहमीसारख्या खोळंबलो होतो. पुढं चौघांचं हळू मार, अलीकडं पाड चाललेलं. शेजारून एक धनगरीण मेंढ्या घेऊन चालली होती. ती आम्हाला दर रविवारी दिसायची. आमचा चेंडू येताना दिसला की तोंडानं आवाज करून कळप जागच्या जागी थांबवायची, आम्ही पुढं गेलो की सोडायची. बोलणं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी तीच थांबली.

"लय दिसापासून बघायलेय मी," ती म्हणाली. "तुमी दोघी अशा कामून हुब्या ऱ्हाता?"

"पुढं साहेब हायत."

"मग? एवढा माळ पडलाय. त्यांला म्हणा की जरा सरका."

"विचारलं होतं. न्हाई म्हणतेत."

"तुमी इचारलं?"

"घरच्यांकडून विचारलं."

"घरच्यांकडून!" ती खळखळून हसली. "तोंड त्यांलाच दिलंय का देवानं?" आणि मेंढ्या हाकत गेलीसुद्धा.

मला ते लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खरं बोलली की ती. तू जातीस का मी जाऊ? मी गेले तर काय बोलेन ते तुला ठाऊक हाय."

मी गेले. साहेब चेंडू मारायच्या तयारीत होते. त्यांचा फटका होईपर्यंत मी थांबले, तेवढी रीत मी पाळली. आमच्या ह्यांनी मला येताना बघितलं आणि डोळ्यांनी खुणा करायला लागले, मागं फिर, मागं फिर. मी तिकडं बघितलंच नाही.

"साहेब," मी म्हटलं, "आमची बदली झालीय. माझा हा शेवटचा रविवार. मला एकदा उजेड असताना नवव्या होलापर्यंत खेळत जायचंय. तुम्ही चार वेळा नाही म्हणालात, ते मला माहीत आहे. तरी विचारते. आम्हाला पुढं जाऊ द्याल का?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी नाही म्हणालो? बाई, मला तर आजवर कुणी विचारलंच नाही." मग ते आमच्या ह्यांच्याकडं वळले. "उलट मीच तुम्हाला म्हणालो होतो, बायका खोळंबल्यात, जाऊ द्या त्यांना. तुम्ही म्हणालात, नको साहेब, त्यांना काही घाई नसते, त्या नुसत्या फिरायला येतात."

हे आपल्या बुटांकडं बघत होते.

"जरूर जा, बाई," साहेब म्हणाले. "इजाजत कसली मागता? माफी मी मागायला पाहिजे." आणि दुखरा गुडघा ओढत ते स्वतः बाजूला झाले. तिघांना व्हावंच लागलं.

चौघांच्या देखत मी काठी उचलली. पहिला फटका असा बसला की चेंडू चार हात गेला. कान तापले माझे. दुसरा मात्र लागला, हाताला काही न कळता लागला. मग आम्ही दोघी जे निघालो, ते मागं वळून बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंना धाप लागली, पण त्या थांबल्या नाहीत. ओढा ओलांडला, सातवा झाला, आठवा झाला. नवव्यावर पोचलो तेव्हा चांगलं ऊन होतं. मला अकरा फटके लागले. चेंडू आत पडल्याचा आवाज ऐकला, वाळूवरची पावलं मी स्वतः फळीनं पुसली आणि तिथंच मातीत बसले.

बऱ्याच वेळानं हे एकटेच आले, साहेबांना मागं सोडून. समोर उभे राहिले.

"चार वेळा," मी म्हटलं. "चारही वेळा खोटं सांगितलंत."

"कसं विचारणार मी?" हे म्हणाले. "साहेबाला म्हणू, तुमी सरका, माझ्या बायकोला पुढं जायचंय? तूच सांग, कसं म्हणायचं?" थोडा वेळ काठीनं माती उकरत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, चार दिवसांनी तू विसरून जाशील."

मला भांडायचं होतं. भांडणात मी कुणाला हार जायची नाही. पण राग येईना. दोन वर्षं तो सगळा भलत्याच माणसावर खर्च झाला होता. नुसतं फार वाईट वाटलं, आणि मी उठून चालायला लागले.

नव्या गावाला मैदान नव्हतं, त्यामुळं पुन्हा कधी खेळले नाही. आम्ही पुढं चाळीस वर्षं संसार केला, आणि चांगला केला, कुणालाही विचारा. पण मला काही हवं असलं, तर ते ह्यांना सांगायचं मी त्या दिवसापासून सोडून दिलं. ह्यांच्या ते कधी लक्षात आलं नाही.