मायचं पुण्याचं तिकीट

१९९९ च्या जूनमध्ये आमगावच्या फलाटावर मी इतकी रडले, की मुरमुरेवाला धंदा सोडून माझ्याकडे बघत राहिला. वय पंचेचाळीस, यजमानांची पुण्याला बदली झालेली, आणि थाट असा की जणू सासरी निघालेली नवी नवरी! माय कोरडीच. "गप राय वो. लोकं पाहून राहिले," एवढंच म्हणाली.

गाडी सुटली आणि या लेखिकाबाईंनी आधी काय काढलं, तर वही. लिहिलं : मी धानाचा पऱ्हा, कोवळं रोप, उपटून दुसरीकडे रोवलेलं, माय म्हणजे बांधीतली, धानाच्या शेतातली माती. वा! गोंदिया येईस्तोवर मी स्वतःवरच खूश.

त्याची कथा झाली, दिवाळी अंकात छापून आली. मायला वाचता येत नव्हतं, म्हणून उन्हाळ्यात जाऊन मीच मोठ्यानं वाचून दाखवली. जन्मभर चिखलात रोवणी केलेली बाई ती. मी बांधावर बसून पुस्तकं वाचणारी.

"पऱ्हा रडते?" ती हसली. "उपटला नाही त जागीच वाळते तो." मग लाखोळीची डाळ पाखडता पाखडता म्हणाली, "अन् मी माती काऊन वो? मले पाय आहेत ना. तुया घरी नेत काऊन नाहीस?"

मला काय वाटलं सांगू? वाक्य झकास आहे, असं वाटलं. वहीत टिपून घेतलं! "पुढच्या वर्षी नेते," म्हणाले.

खोटं नव्हते बोलले. पण उपमा आपण देतो आणि नंतर तीच आपल्या जागी विचार करायला लागते. माती काय, असते तिथंच असते. आपण जाऊन भेटून यायचं. तशी मी दर उन्हाळ्यात जाऊन आले. तिचं तिकीट काढावं, हे डोक्यातच आलं नाही. सहाव्या वर्षी तिचे गुडघे गेले, त्यानंतर तीच गेली.

तेराव्याला भावजय म्हणाली, "पुण्याहून कोणी आलं की माय इचारत, बाईच्या घराले पायऱ्या कितीक आहेत? मले चढता येतील का?"

तिकडे गावातच राहिलेले तुम्ही लोक विचारता, पुणं आता आपलं वाटतं का. वाटतं. नातीनं खडूनं भिंती रंगवून ठेवल्यात, म्हणजे घरच ते. फक्त मायनं न पाहिलेलं.

आमचा तिसरा मजला. लिफ्ट आहे. तिला हे सांगायचं मला कधी सुचलं नाही.