दुसऱ्या वेळचा श्वास

इस्पितळात माझ्या वहिनीला सगळे ‘श्वासबाई’ म्हणतात. सीटी स्कॅनच्या खोलीत गेली एकोणीस वर्षं ती लोकांना श्वास रोखायला लावते. दादाचं म्हणणं, घरी तिने नुसती हाक मारली तरी त्याचा आपोआप रोखला जातो.

तो साथीचा महिना होता. घशातल्या नमुन्याचा अहवाल यायला दोन दिवस लागत. तोवर खोकणाऱ्याने कुठल्या वॉर्डात झोपायचं, हे छातीच्या स्कॅनवर ठरे. एका सकाळी ऐंशीच्या घरातला एक शिंपी आला, सोबत बायको. वहिनीने नियमाप्रमाणे धातूचं सगळं काढून ट्रेमध्ये ठेवलं: गळ्यातली साखळी, कॉलरला टोचलेली सुई, कानातलं ऐकायचं मशीन. मग बाहेर येऊन बटण दाबलं. आतला ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला, “श्वास घ्या. रोखून धरा.”

पडद्यावर दोन्ही फुप्फुसांत धुकं दिसलं, काचेवर तोंडाची वाफ धरावी तसं. डॉक्टर म्हणाले, “साथीचंच आहे. संसर्गाच्या वॉर्डात हलवा.” त्या वॉर्डात बाकी कशाची नसली, तरी संसर्गाची हमी होती.

वहिनी पडद्यासमोरून हलेना.

“साहेब, श्वासनलिका बघा. गोल हवी, ती मागून आत दबलीय. आजोबांनी श्वास सोडला होता. रिकाम्या फुप्फुसात असं धुकं दिसतंच.”

“रोखायला सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं. पण त्यांचं कानातलं मशीन माझ्या ट्रेमध्ये होतं. चूक माझी.”

एकोणीस वर्षांत त्या खोलीत मशीनच्या चुका झाल्या होत्या, विजेच्या झाल्या होत्या, पेशंटच्या तर रोजच. कर्मचाऱ्याची ही पहिलीच.

“या वयात पुन्हा किरणं?” डॉक्टरांनी विचारलं.

“त्या वॉर्डापेक्षा बरी. कमी डोसवर घेऊ.”

बटणापाशी सहकाऱ्याला बसवून, शिशाचा जड एप्रन चढवून वहिनी स्वतः आत उभी राहिली. मूठ मिटली की श्वास भरून रोखायचा, उघडली की सोडायचा. तिसऱ्या तालमीला आजोबांच्या डोक्यात प्रकाश पडला.

“अगं पोरी,” ते खोलीभर ओरडले, “सुईत दोरा ओवताना जन्मभर हेच केलंय मी! तसं सांगायचं ना!”

या वेळी नलिका गोल आली आणि धुकं गायब. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “घरी जाऊ दे. अहवाल येईपर्यंत वेगळ्या खोलीत राहा म्हणावं.”

वहिनीने ते मशीन आजोबांच्या कानात बसवलं आणि निकाल सांगितला. बायको डोळे पुसत म्हणाली, “चला आता! मला वाटलं होतं, चार दिवस घरात शांतता लाभेल.”

नमुन्याचा अहवालही निर्दोष आला. वहिनीने आपल्या चुकीची नोंद स्वतःच्या अक्षरात लिहून, सहीसकट खोलीच्या दारावर चिकटवली, खाली सूचना: कानातलं मशीन काढण्याआधी हाताच्या खुणा शिकवा. दादा कामधंदा सोडून ती वाचायला गेला. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो “आमच्या हिची चूक झाली” इथपासून सुरुवात करतो. बायकोच्या चुकीबद्दल इतकी छाती फुगवून बोलणारा नवरा मी दुसरा पाहिलेला नाही.