जावयाचं दोन बटनांचं घड्याळ

असल्या जुन्या घड्याळांचे आता शौकीन निघाले आहेत म्हणे. परवा थोरल्या बहिणीच्या मुलानं मोठ्या कौतुकानं मोबाईलवर फोटो दाखवला. त्याच्या बापाचं चावीचं घड्याळ, कडेला दोन बटनं, तबकडीत आणखी दोन चिमुकल्या तबकड्या. "मावशी, याले क्रोनोग्राफ म्हणतात." मी म्हटलं, "तुह्या बापाले ठाव होतं काय हे?"

कुठलं ठाऊक! सत्तरच्या दशकात बहिणीचं लग्न झालं, तेव्हा रिसोडकडचा हा नवरदेव पंगतीत रुसून बसला. सासऱ्यानं काही कबूल केल्याशिवाय जावयानं घास उचलायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. इतरांचे जावई सायकलीवर नाहीतर रेडिओवर खूश होत. आमच्या या जावईरत्नाला कुण्या साहेबाच्या मनगटावर पाहिलेलं दोन बटनांचंच घड्याळ पाहिजे होतं. बाबांनी अकोल्याच्या तीन खेपा मारून एका निवृत्त फौजीकडून ते मिळवलं. भाऊजींनी ते सदऱ्याच्या बाहीवरून बांधलं. आत गेलं तर लोकांना दिसणार कसं?

मी तेव्हा सातवीत. धावण्यात माझा हात धरणारी पंचक्रोशीत कुणी नव्हती, हे मी आजही न लाजता सांगते. आसपासच्या शाळांतून एका मुलीला अकोल्याला स्पर्धेला पाठवणार होते. आमचं मैदान अरुंद, म्हणून मुली दोन तुकड्यांत धावणार आणि जिला कमी सेकंद लागतील ती जाणार. सेकंद मोजणारं घड्याळ फक्त भाऊजींकडे. गावचा जावई म्हणून त्यांना हार घालून खुर्चीत बसवलं. गुरुजींनी समजावलं, "वरचं बटन दाबलं की काटा पळतो, पुन्हा दाबलं की थांबतो. आकडा वाचल्यावरच खालचं दाबा, त्यानं काटा शून्यावर येतो."

"मले सांगता का गुरुजी?" भाऊजी हसले.

पहिल्या तुकडीत शेजारच्या गावची मुलगी पुढे आली. पंधरा सेकंद. दुसरीत मी. मी दोरी ओलांडली तेव्हा माझ्या मागची बरीच मागे, निंबाच्या झाडापाशीच होती. भाऊजींनी वरचं बटन दाबलं आणि बायामाणसं बघताहेत म्हणून ऐटीत हात उंचावताना खालचंही दाबलं. गुरुजी शिट्टी घेऊन मैदानाच्या त्या टोकाला. भाऊजी तबकडीकडे बघतच राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "सोळा."

"पुन्हा पळू द्या मले!" मी ओरडले.

धावत आलेल्या गुरुजींनी बाबांकडे पाहिलं. बाबा खुर्चीच्या मागेच उभे होते. "जवाई सांगून राह्यले ना? मंग सोळाच," ते म्हणाले.

शेजारच्या गावची मुलगी अकोल्याला गेली. आमच्या गावात सातवीपुढे शाळा नव्हती, त्यामुळे माझं धावणं तिथंच संपलं.

त्या संध्याकाळी बाबा बैलांना कडबा टाकत होते. मी रडत म्हटलं, "बाबा, त्याईले घड्याळच पाह्यता येत नाही."

"मले माहीत हाय," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "काटा शून्यावर गेलेला म्या पाह्यला. पण जवायाले चारचौघात खोटं पाडू काय? उद्या तुह्या बहिणीले माघारी आणून घातलं तर?"

भाऊजींना मी जन्मभर हसत आले. बाबांना मात्र मी हसू शकले नाही, आणि माफही करू शकले नाही.