रॅमच्या जोडीची पूजा

चाकणच्या कंपनीतली डिझाइनची नोकरी सोडून मी रहाटणीच्या घरातच प्रेस टूलची, म्हणजे पत्रा कापायच्या-वाकवायच्या साच्यांची, डिझाइनं करायला बसले, तेव्हा घरच्यांच्या लेखी मी रिकामी झाले. दळण, कुरिअर, आला-गेला सगळं माझ्याकडे. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, फोनवर बिनदिक्कत सांगायचे, "सूनबाई आता घरीच असतीया." माझं डोकं फिरायचं. हे काम आहे, हे घरात एकदा तरी कुणी मानावं, एवढीच माझी इच्छा होती.

पहिलं मोठं काम भोसरीच्या एका वर्कशॉपमालकांचं आलं. ते स्वतः घरी येऊन डायचं, म्हणजे साच्याचं, मॉडेल स्क्रीनवर बघणार होते. आणि माझा कॉम्प्युटर ते मॉडेल जरा फिरवलं की मान टाकायचा. मेमरी, म्हणजे रॅम, पुरत नव्हती.

दुकानदार म्हणाला, "ताई, छत्तीसशे स्पीडची रॅम घ्या, बत्तीसशे आता कोण घेतं?" मोठा आकडा बघून भुलणारी मी नव्हे. घरी येऊन बसले आणि समजून घेतलं. स्पीड म्हणजे माल, म्हणजे डेटा, किती भराभर येतो ते. लेटन्सी म्हणजे मागितल्यापासून माल यायला सुरुवात होईपर्यंतचं थांबणं, आणि ते मोजतात रॅमच्या घड्याळाच्या ठोक्यांत. रॅमच्या पट्ट्या जोडीनं घ्यायच्या; बत्तीसशेच्या जोडीवर सोळा ठोके लिहिले होते, छत्तीसशेच्या जोडीवर अठरा. छत्तीसशेचा ठोका आखूड, पण ठोके जास्त. हिशेब केला तर दोन्हीकडे थांबणं सारखंच, दहा नॅनोसेकंद. माल थोडा भराभर आला असता, एवढंच. माझी अडचण जागेची होती. मी बत्तीसशेचीच, पण दुप्पट जागेची जोडी घेतली. त्या दिवशी मी स्वतःवर जाम खूश होते.

आप्पांनाही सांगितलं. त्यांची सगळी नोकरी लेथवर गेलेली. म्हणाले, "म्हंजी स्टोअरच्या खिडकीवर टूल मागितलं, की खिडकीत किती उभं राहावं लागतंय, ते व्हय?" मी म्हटलं, "अगदी तेच."

जोडी आली त्या सकाळी आप्पा हळदीकुंकवाचं ताट घेऊनच वर आले. "नवं मशीन हाय. पूजेबिगर चालू करायचं न्हाई." दसऱ्याला कंपनीत लेथला करत तसंच. माझ्या सामानाला त्यांनी पहिल्यांदा मशीन म्हटलं, त्याच आनंदात मी जोडी त्यांच्या हातात दिली आणि कुकर बंद करायला खाली गेले. परत आले तर ताटात अक्षता, उदबत्ती, सगळं साग्रसंगीत. जोडी उचलली आणि बसवली.

स्क्रीन काळाच. आतून नुसती पीं पीं. दुपारी मालक येणार होते. पट्ट्या काढून उलटून पाहते तर पाठीमागच्या सोनेरी दातांवर ओल्या कुंकवाची बोटं! सोन्यासारखं दिसलं, तिथंच त्यांनी मनोभावे लावलं होतं.

"आप्पा, अहो ह्याच्यातून करंट जातो!" मी ओरडलेच.

ते कानकोंडे झाले. "चुकलं गं पोरी. मशीनला लावत्यात तसं लावलं."

मग मात्र मला हसू फुटलं. ओलं पुसून खोडरबरनं दात घासले, कॉम्प्युटरमधल्या खाचा कोरड्या ब्रशनं झाडल्या, पट्ट्या पुन्हा दाबून बसवल्या. सुरू झालं. सेटिंगमध्ये जाऊन बत्तीसशेचं प्रोफाइलही चालू केलं, कारण ते आपण सांगितल्याशिवाय रॅम सावकाशच चालते. मॉडेल उघडलं आणि गर्रकन फिरवलं. कुठे अडकलं नाही. कंपनीत मोठमोठी कामं केली होती, पण असा अभिमान तिथे कधी वाटला नव्हता.

दुपारी मालक आले. एकेक भाग सुटा करून दाखवला, त्यांनी दोन ठिकाणी बदल सुचवले, ते मी तिथल्या तिथे केले. काम पसंत पडलं. मग आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ते वळले आप्पांकडे. "काय आप्पा, मग ड्रॉइंग कधी देताय? आणि पुढचं काम घेणार का?"

आजवर अशा वेळी आप्पाच बोलत आले होते.

"मला काय इचारता, राव? शॉप तिचं हाय," आप्पा म्हणाले आणि उठले. "तुमी दोघं कामाचं बोला. मी च्या टाकतो."