नाकाचा चिमटा

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मी छातीतला वारा मोजायचे. माणसानं नळीत फुंकायचं, पाण्यात उपडं घातलेलं भांडं वर उचललं जायचं आणि फिरत्या कागदावर पेन रेघ काढायचं; जेवढा वारा, तेवढी रेघ उंच. यंत्र गावातल्या कापडगिरणीनं दिलेलं, माझा पगारही गिरणीचाच. कापसाची धूळ फुप्फुसात जाऊन नेमकं काय करते, हे आमच्या डॉक्टरांना शोधायचं होतं. गिरणीची अट एकच, अहवाल आधी आम्हाला दाखवा. डॉक्टर म्हणायचे, "दाखवू की! रेघा थोड्याच बदलतात?" भोळा माणूस.

खोलीत कपाटभर बरण्या होत्या, औषधी पाण्यात बुडवलेली माणसांची फुप्फुसं. भरदुपारीही त्यांच्याकडे पाठ करून बसणं मला नको व्हायचं. भांडं वर उठलं की वाटायचं, मागंही कुणीतरी श्वास घेतंय. हसा खुशाल.

एक दिवस कापूस पिंजायच्या खात्यातली माणसं आली. सगळ्यात जास्त धूळ तिथंच. रांगेत माझे सासरे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. वर्षभर खोकून बेजार झाले होते. रेघा खाली आल्या तर धूळ ओढणारे पंखे बसवायला लावू, असं डॉक्टर म्हणत. पण कामगारांत बोलवा वेगळीच होती: ज्याची रेघ खाली, तो घरी.

फुंकताना नाकानं श्वास घेता येऊ नये म्हणून नाकाला चिमटा लावावा लागतो. कितीतरी नाकांना मी लावला होता. पण सासऱ्यांच्या तोंडाला सुनेनं हात लावायचा? मी पदर सावरत चिमटा नुसता पुढं केला.

"ऱ्हाऊ दे की सूनबाई," मामा म्हणाले. मी राहू दिला.

मामा लग्नात सनई वाजवायचे. गालात वारा धरून नाकानं श्वास ओढायचा, सूर तुटू द्यायचा नाही, ही हयातभराची सवय. त्यांनी फुंकलं. पेन चढलं, चढतच राहिलं. भांडं पार वर टेकलं तरी मामा थांबेनात, डोळे माझ्यावर रोखलेले. एवढा वारा एका माणसात मावत नाही हो! वाटलं, बरण्यांतली सगळी मिळून त्यांच्या तोंडून फुंकताहेत.

"परत घेऊ या, मामा?"

"न्हाय. लिव्ह तू." मग हळूच म्हणाले, "पोरी, मला घरी बसवू नगंस."

मी लिहिलं. डॉक्टरांना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सांगितलं नाही. अजून स्वतःची चीड येते.

बाकीच्या रेघा खालीच होत्या, पण गिरणीच्या साहेबानं नेमकी मामांची उचलली. जन्म धुळीत काढून ही छाती! म्हणजे दोष धुळीचा नाही, ज्याच्या त्याच्या बिड्यांचा. तो कागद काचेत घालून गिरणीच्या दवाखान्यात टांगला. पंख्यांचं नाव कुणी काढलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारीण आली. तिचा नवरा मामांच्याच खात्यात. दोन पायऱ्या चढला की खाली बसायचा.

"तुमच्या मामास्नी काय सुदीक झालं न्हाय. मग आमच्यास्नीच कसं वो?"

आतल्या खोलीतून मामांच्या छातीची घरघर येत होती. तिची मान तिकडं वळली.

"मांजर आहे," मी म्हणाले.

आमच्याकडे मांजर नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. ती बराच वेळ त्या दाराकडं बघत राहिली.

"व्हय, मांजरच आसंल," म्हणाली, आणि चहा न घेताच उठून गेली.